विमानतळावरचे ग्रंथालय

विलायतेहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे काही ठरावीक प्रश्न विचारले जातात. राणीचा राजवाडा पाहिलात का? शेक्सपिअरचे घर पाहिलेत का? थंडी कशी काय होती? आणि सरतेशेवटी, जरा आवाज खाली आणून, तिकडे भाजी काय भावाने मिळते? या साऱ्या प्रश्नांची उत्तरे मी यथाशक्ती दिली. परंतु "क्रॅनफिल्ड पाहिलेत का?" असे मला कोणीही विचारले नाही. विचारणार तरी कसे? लंडनहून निघणाऱ्या सहलींच्या पत्रकांत या गावाचे नाव नसते. तिथे किल्ला नाही, कवीची समाधी नाही, प्रसिद्ध असा धबधबा तर नाहीच नाही. बेडफर्डशायर परगण्यातल्या एका उंचवट्यावर वसलेले, वाऱ्याने सदैव झोडपलेले असे ते एक खेडे आहे. गावाला लागून जुना लष्करी विमानतळ आणि त्या विमानतळावर उभे राहिलेले एक विद्यापीठ, एवढाच काय तो त्याचा संसार.

आणि तरीही, वाचकहो, तुमच्या घरातला शाळकरी मुलगा जेव्हा संगणकावर दोन शब्द टाइप करून पापणी लवते न लवते तोच हवी ती माहिती पुढ्यात आणतो, तेव्हा त्या चमत्काराची एक मुळी या खेड्यात जाऊन पोचते. ती मुळी पाहायला मी २०२४ च्या मे महिन्यात मुद्दाम वाट वाकडी करून गेले.

मराठी शिकवणाऱ्या बाईला या उठाठेवी हव्यात कशाला, असे कोणाच्या मनात येईल. त्याला कारण घडले ते असे. माझ्याकडे एम. ए. करणारी एक मुलगी १९७२ च्या दुष्काळाचे मराठी कथेतील चित्रण या विषयावर प्रबंधिका लिहीत होती. एका ठिकाणी जुन्या मासिकांची सूची संगणकावर घातलेली आहे असे कळले, म्हणून मी तिला तिकडे पाठवले. तिने यंत्राला 'दुष्काळ' हा शब्द दिला. यंत्राने सात नोंदी दिल्या. मुलगी हिरमुसली होऊन परत आली. "बाई, मराठीत या विषयावर फारसे कोणी लिहिलेलेच दिसत नाही." मी आमच्या कॉलेजातून निवृत्त झालेल्या ग्रंथपालांना फोन लावला. त्यांनी पलीकडून, चहाचे घोट घेत घेत, नुसत्या आठवणीवर तीसएक कथा सांगितल्या! मग आम्ही त्या सूचीत एकेक करून ताडून पाहिल्या, तर बहुतेक सगळ्या तिथे होत्या. कुठे 'दुष्काळात' होते, कुठे 'दुष्काळाने', कुठे 'अवर्षण', तर कुठे नुसतेच 'पाण्यासाठी'. यंत्राच्या लेखी 'दुष्काळ' आणि 'दुष्काळात' हे दोन परके शब्द. त्यांचे गोत्र एक आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

ग्रंथपाल आता पंचाहत्तरीला आले आहेत. त्यांच्या डोक्यातली सूची त्यांच्याबरोबरच जाणार. नंतर येणारी मुले यंत्रालाच विचारणार, आणि यंत्र "नाही" म्हणाले की ते लेखन मराठीत झालेच नाही असे समजून चालणार. या विचाराने मला चैन पडेना. शोधणे आणि सापडणे या गोष्टींचे काही शास्त्र आहे काय, ते कोणी आणि कुठे रचले, हे वाचू लागले तेव्हा पुन:पुन्हा एकच नाव समोर येऊ लागले : क्रॅनफिल्ड. योगायोग असा, की माझा भाचा तिथेच विमानविद्येचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करीत होता. मग काय विचारता!

लंडनच्या यूस्टन स्थानकावरून गाडीत बसले की तासाभराच्या आतच मिल्टन कीन्स येते. हे नगर १९६७ साली कागदावर आखून मग जमिनीवर उतरवलेले. रस्ते पट्टीने ओढल्यासारखे सरळ, आणि प्रत्येक चौकात वाटोळा वळसा. तिथून क्रॅनफिल्डची बस मिळते. बस गावाबाहेर पडली आणि दोन्ही बाजूंना पिवळीधमक शेते लागली. आपल्या मोहरीचीच ती चुलतबहीण. कुंपणांवर पांढरा फुलोरा आलेला होता. बसमध्ये मी, एक आजीबाई, त्यांचा कुत्रा आणि चार-पाच विद्यार्थी. त्यांतले निम्मे आपल्याकडचे. एकजण फोनवर आईला "हो गं, जेवलो" असे स्वच्छ मराठीत खोटे सांगत होता. जेवणाची वेळ व्हायला अजून दोन तास होते!

भाचेमहाराज थांब्यावर उभेच होते. "मावशी, इथे पाहण्यासारखे काही नाही हं. विमाने आवडत असतील तर गोष्ट वेगळी," असे त्याने आधीच बजावून ठेवले.

पण मला तर ती जागा पाहताक्षणीच आवडली. १९३७ मध्ये इथे ब्रिटिश हवाई दलाने तळ उघडला. त्या वेळच्या प्रचंड विमानशाळा अजून उभ्या आहेत. महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, याच तळावर विमानविद्येचे कॉलेज सुरू झाले. १९६९ मध्ये त्याचे क्रॅनफिल्ड इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी झाले आणि १९९३ मध्ये क्रॅनफिल्ड विद्यापीठ. धावपट्टी आजही वापरात आहे. आपण वर्गाच्या खिडकीशी उभे असावे आणि एखादे छोटे विमान गुरगुरत समोरून उडून जावे, असा सारा प्रकार. आमच्या वर्गाबाहेर रिक्षा गुरगुरतात, तेवढाच फरक.

या कॉलेजला पहिल्या वर्षीच एक ग्रंथपाल मिळाला. त्याचे नाव सिरिल क्लेव्हर्डन. जन्म १९१४ चा. ब्रिस्टल शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात उमेदवारी केलेली, नंतर युद्ध संपेपर्यंत ब्रिस्टलच्याच विमान कंपनीच्या इंजिन विभागात ग्रंथपाल. १९४६ ला तो क्रॅनफिल्डला आला आणि १९७९ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. प्राध्यापक, शास्त्रज्ञ, सेनापती यांच्या गर्दीत ग्रंथपालाकडे कोण लक्ष देतो? पुस्तके देणारा आणि उशीर झाला की दंड मागणारा माणूस, एवढीच त्याची ओळख. पण या माणसाच्या मनात एक प्रश्न होता, आणि त्याची चिकाटी जबर होती.

तो प्रश्न समजायचा तर तो काळ डोळ्यांसमोर आणला पाहिजे. युद्धाने विज्ञानाला पंख फुटले होते. अहवाल, शोधनिबंध, टिपणे यांचा नुसता पूर लोटला होता. १९४५ च्या जुलैत अमेरिकेच्या व्हॅनेव्हार बुश या विज्ञानधुरीणाने एका मासिकात लेख लिहून म्हटले होते, की ज्ञान साठवण्याची आपली रीत जुनी झाली आहे, आता माणसाच्या स्मरणासारखे दुव्या-दुव्याने चालणारे यंत्र हवे. 'माहिती शोधून काढणे' या अर्थाचे इंग्रजी नाव या विद्येला १९५० मध्ये कॅल्व्हिन मूअर्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने दिले. गणकयंत्रे नुकती कुठे श्वास घेऊ लागली होती. ही यंत्रे हवा तो कागद काढून देतील, असे स्वप्न सर्वांना पडत होते. पण कागदाला कोणत्या नावाने हाक मारली म्हणजे तो "ओ" देईल?

इथे पंडितांचे चार तट पडले. एक म्हणे, साऱ्या ज्ञानाची दशांश पद्धतीने विभागणी करा, प्रत्येक विषयाला आकडा द्या. दुसरा म्हणे, विषयांची नावे अकारविल्हे लावा, बास. तिसरा म्हणे, विषयाला अनेक पैलू असतात, ते सुटे सुटे मांडून गरजेप्रमाणे जोडा. चौथा तट अमेरिकेत मॉर्टिमर टाउब यांचा. त्यांनी तर सगळे शास्त्रच खुंटीला टांगले. कागदात आलेले महत्त्वाचे साधे शब्द टिपून ठेवा, शोधताना दोन-तीन शब्द एकत्र करा, झाले काम!

यातल्या तिसऱ्या मताशी आपले नाते आहे. ग्रंथालयशास्त्राचे महर्षी डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या विचारातून ते आलेले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवणारा हा तमिळ गृहस्थ १९२४ मध्ये विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला आणि अभ्यासाला लंडनला गेला. तिथल्या एका मोठ्या दुकानात त्यांनी मुलांचे मेकॅनो पाहिले. पट्ट्या त्याच, खिळे तेच, पण जोडावे तसे कधी पूल तर कधी यारी. ज्ञानाच्या वर्गीकरणालाही असेच सुटे भाग का असू नयेत? त्यातून १९३३ साली त्यांची कोलन पद्धती प्रसिद्ध झाली. लंडनमध्ये १९५२ पासून वर्गीकरणाचा अभ्यास करणारे एक मंडळ होते, त्याच्यावर रंगनाथनांचा मोठा प्रभाव होता.

तर हे चार तट एकमेकांशी भांडत होते. माझी पद्धत श्रेष्ठ कशी, हे प्रत्येकजण तर्काने सिद्ध करी. आपल्याकडे अलंकार श्रेष्ठ की रस श्रेष्ठ यावर जसे वाद झाले, तसेच. क्लेव्हर्डनचे म्हणणे एवढेच, की भांडता कशाला? मोजून पाहू या.

मोजून पाहू या! ऐकायला किती सोपे! पण ग्रंथालयात असे फारसे कोणी काही मोजले नव्हते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने पैसा दिला आणि १९५७ मध्ये काम सुरू झाले. विमानविद्येवरचे १८,००० निबंध आणि अहवाल घेतले. प्रत्येकाची नोंद चारही पद्धतींनी केली. कोणत्या निबंधाला दोन मिनिटे द्यायची, कोणत्याला चार, आठ, बारा किंवा सोळा, हेही आधी ठरवलेले. मग १,२०० प्रश्न तयार केले आणि प्रत्येक पद्धतीने हवा तो निबंध सापडतो की नाही ते तपासले.

हे सारे कोणत्या यंत्रावर झाले, असे मी भाच्याला विचारले. त्याने अंदाजाने दोन-तीन जुन्या गणकयंत्रांची नावे घेतली. "अरे, कार्डांवर!" मी म्हटले. "हाताने!" त्याचा विश्वास बसेना. संगणकाने शोध कसा घ्यावा याचे पहिले मोठे मोजमाप पेन्सिली, कार्डे आणि खण असलेली कपाटे यांच्या जोरावर झाले, ही गोष्ट आजच्या मुलाला खरी वाटणे कठीणच.

१९६२ साली निकाल जाहीर झाला. टाउब यांची साध्या शब्दांची पद्धत आणि अकारविल्हे सूची, दोघी शंभरात सुमारे ८२. दशांश पद्धत ७६. पैलूंची पद्धत ७४. म्हणजे चारही बऱ्याच जवळजवळ, आणि ज्यात कमीत कमी शास्त्र ती पद्धत कोणापेक्षाही मागे नाही! शिवाय अपयशाची कारणे शोधली, तर बहुतेक ठिकाणी पद्धतीचा दोष नसून नोंद करणाऱ्या माणसाची नजर चुकलेली. आणि एका निबंधाला चार मिनिटांहून अधिक वेळ दिल्याने फारसा लाभ नाही. (उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनी या वाक्याचा वाटेल तसा अर्थ काढू नये, ही विनंती.)

पंडित खवळले. हा कसला प्रयोग? तुम्ही निबंध पाहूनच प्रश्न काढलेत, मग तो निबंध सापडणारच! हा आक्षेप खोटा नव्हता. क्लेव्हर्डनने तो मनावर घेतला आणि पुन्हा सारा डाव मांडला. १९६३ ते १९६६ ही त्याची दुसरी फेरी.

या वेळी निबंध घेतले फक्त १,४००. पण प्रश्न अस्सल हवेत म्हणून त्याने विमानविद्येत नुकतेच संशोधन प्रसिद्ध केलेल्या लेखकांना पत्रे लिहिली, की तुमचे हे संशोधन कोणत्या प्रश्नातून निघाले तो प्रश्न तुमच्याच शब्दांत लिहा. अशा रीतीने खऱ्या माणसांना खरोखर पडलेले सव्वादोनशेच्या आसपास प्रश्न हाती आले. आता मुख्य काम. कोणत्या प्रश्नाला कोणता निबंध उपयोगी, हे कोणी ठरवायचे? नुसता गुणाकार केला तरी प्रश्न-निबंधाच्या जोड्या तीन लाखांवर जातात. कॉलेजातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना बसवून संग्रह चाळून काढला आणि निवडलेले निबंध त्या त्या प्रश्नकर्त्याकडे पाठवून विचारले, हे तुमच्या उपयोगाचे आहेत काय, आणि किती?

मी त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात उभी राहून हे मनात आणीत होते. आजची इमारत त्या काळची नव्हे. ती १९९२ मध्ये उघडली, नॉर्मन फॉस्टर या नामांकित वास्तुशिल्पीने आखलेली. छपराला अर्धगोल कमानी आहेत, आणि उजेड असा झिरपतो की एखाद्या श्रावणातल्या दुपारची आठवण यावी. मुले पडद्यांकडे पाहत बसली होती. एकाने शब्द टाइप केला, यादी आली, त्याने पहिली नोंद उघडली. याच आवारात साठ वर्षांपूर्वी त्याच्याच वयाची मुले एकेक निबंध हाती घेऊन "हा चालेल, हा नाही चालणार" असे ठरवीत होती. त्या मुलांची नावे कुठल्या दगडावर कोरलेली मला दिसली नाहीत.

त्यांच्या निवडीतून काय साधले ते सांगायला मला घरातले उदाहरण पुरे आहे. माझी आई तांदूळ निवडायला बसे. फार काटेकोर निवडले की खड्यांबरोबर चार चांगले दाणेही सुपाबाहेर जात. सढळ हाताने निवडले की दाणा वाया जात नसे, पण जेवताना वडिलांच्या दाताखाली खडा येई आणि पुढचे सारे आम्ही मुकाट्याने ऐकून घेत असू. शोधाचेही तेच. जे जे हवे ते सगळे हाती यावे, हे एक माप. जे हाती आले त्यात नको ते नसावे, हे दुसरे. क्रॅनफिल्डच्या प्रयोगांनी आकड्यांनिशी दाखवले, की एक माप वाढवू गेले की दुसरे उतरते. आजही शोधयंत्रांची परीक्षा मूळ याच दोन मापांवर उभी आहे. आणि ही मापे घ्यायची तर आधी खडा कोणता नि दाणा कोणता हे एखाद्या जाणत्याने ठरवून ठेवलेले असावेच लागते.

दुसऱ्या फेरीत शब्द वापरण्याच्या ३३ तऱ्हा तपासल्या. निकाल पहिल्याहून धक्कादायक. पंडितांनी ठरवून दिलेल्या पारिभाषिक संज्ञा मागे पडल्या. निबंधात लेखकाने स्वत: वापरलेले सुटे, साधे शब्द पुढे आले. आणि सर्वांत वर कोण? ते साधे शब्दच, पण एकाच शब्दाची निरनिराळी रूपे एकत्र मानलेले! क्लेव्हर्डनने स्वत:च्या अहवालात आपले आश्चर्य लपवले नाही. मी मात्र हे वाचले तेव्हा टेबलावर थाप मारली होती. 'दुष्काळ', 'दुष्काळात' आणि 'दुष्काळाने' यांना एका पंगतीला बसवा, हेच तर तो इंग्रज सांगत होता.

हा १,४०० निबंधांचा संग्रह पुढे साऱ्या जगाने वापरला. न्यूरेंबर्गमध्ये जन्मलेले जेरार्ड साल्टन हे अमेरिकेत आधी हार्वर्डला आणि १९६५ पासून कॉर्नेल विद्यापीठात 'स्मार्ट' नावाची संगणकीय शोधव्यवस्था बांधीत होते. त्यांनी क्रॅनफिल्डचे निबंध यंत्राच्या पोटात घातले आणि माणसांनी ठरवलेल्या निवडीशी यंत्राची निवड ताडून पाहिली. यंत्राने आपोआप केलेली सूची माणसाने जीव ओतून केलेल्या सूचीच्या जवळपास उतरते, असे दिसले. साल्टन यांच्या नावाचा मानाचा पुरस्कार १९९१ मध्ये क्लेव्हर्डनला मिळाला. १९९७ मध्ये तो वारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याने मित्राची मोटार मागून आणली आणि आम्ही केंब्रिजला निघालो. आगगाडीने जायचे तर सरळ वाट नाही. बेडफर्डहून केंब्रिजला जाणारी जुनी गाडी १९६७ च्या अखेरीस बंद झाली. बेडफर्ड लागले तेव्हा मी मनोमन हात जोडले. जॉन बन्यन याच गावच्या तुरुंगात बारा वर्षे होता. त्याच्या यात्रेकरूच्या कथेचे मराठी भाषांतर हरि केशवजींनी 'यात्रिकक्रमण' नावाने १८४१ साली प्रसिद्ध केले. म्हणजे हे आडबाजूचे गाव पावणेदोनशेहून अधिक वर्षांमागेच मराठी अक्षरांत येऊन बसले आहे! भाच्याला हे सांगितले. तो म्हणाला, "मावशी, तू गाडीत बसलीस की रस्त्याला पण तळटीप लागते."

केंब्रिजला सगळे जातात, नदीतल्या होड्या आणि कॉलेजांची शिखरे पाहून येतात. मी मात्र नदीच्या पश्चिमेला मिलिंग्टन रोड नावाच्या शांत, झाडीच्या रस्त्याने फिरले. इथे मार्गारेट मास्टरमन या तत्त्वज्ञ बाईंनी भाषासंशोधनाचे एक छोटे केंद्र चालवले होते. जागा म्हणजे पूर्वेकडच्या कलावस्तूंचे एक जुने खाजगी संग्रहालय. तिथे पाचपंचवीस पुस्तकांपेक्षा मोठा खजिना म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, आणि तो भोके पाडलेल्या कार्डांवर उतरवलेला. त्या केंद्रात १९५० च्या दशकाच्या अखेरीस एक तरुण मुलगी आली. केरेन स्पार्क जोन्स. १९३५ चा जन्म, आई नॉर्वेची. गर्टन कॉलेजात इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकलेली, मधल्या काळात शाळेत मास्तरकीही केलेली. शब्दांचे अर्थ यंत्राला कसे उमगतील यावर तिचा प्रबंध १९६४ चा.

१९७२ साली, इकडे आपल्या विहिरी कोरड्या पडत असताना, तिकडे या बाईंनी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यातला विचार असा की घरच्या बायकांनाही पटावा. गणपतीच्या मंडपात उभे राहून "अहो!" अशी हाक मारा. शंभर पुरुष वळून बघतील. "अहो त्र्यंबकराव!" म्हणा. एकच वळेल. जो शब्द प्रत्येक कागदात येतो, तो शोधाच्या कामी फार थोडा. जो मोजक्याच कागदांत येतो, त्याचे वजन अधिक. शब्दाला असे वजन द्या आणि मग कागदांची क्रमवारी लावा. ही कल्पना त्यांनी ज्या संग्रहांवर पारखली, त्यांत क्रॅनफिल्डचा संग्रहही होता. आजच्या शोधयंत्रांत या वजनाचा वंश नांदतो आहे. इतके करूनही बाई वर्षानुवर्षे तात्पुरत्या अनुदानांवर काम करीत राहिल्या. प्राध्यापकपद मिळाले ते १९९९ मध्ये, चौसष्टाव्या वर्षी! २००७ मध्ये त्या गेल्या. तात्पुरत्या नेमणुकांवर उमेद घालवणाऱ्या आमच्याकडच्या कितीतरी मुलींची मला त्या रस्त्यावर आठवण झाली.

आता कोणी म्हणेल, हे झाले इंग्रजीचे. आपल्या मराठीचे काय? इंग्रजी शब्दाला फार तर शेपूट फुटते. आपल्या शब्दाला विभक्ती लागते, त्याआधी सामान्यरूप होते, वर शब्दयोगी अव्यय चिकटते. 'पाणी' म्हणावे तर 'पाण्यासाठी' मध्ये 'णी' चा पत्ताच नाही. यंत्राने ओळखावे कसे?

याचे उत्तर मला सुखावणारे मिळाले. २००८ साली कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने 'फायर' नावाचा उपक्रम सुरू झाला. अमेरिकेत १९९२ पासून क्रॅनफिल्डच्याच धर्तीवर मोठ्या परीक्षा होत होत्या. त्यांचाच हा भारतीय अवतार. पहिल्याच वर्षी त्यात हिंदी आणि बंगालीबरोबर मराठीही होती. मराठी वृत्तपत्रांतल्या हजारो बातम्या, मराठीत लिहिलेले प्रश्न, आणि कोणती बातमी कोणत्या प्रश्नाला लागू पडते हे माणसांनी वाचून ठरवलेले. त्या संग्रहावर जगभर प्रयोग झाले. स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल विद्यापीठातील दोघा संशोधकांनी मराठी शब्दांचे प्रत्यय सोलून मुळाशी जाण्याची युक्ती तपासली आणि त्याने मराठीतला शोध चांगलाच सुधारतो, असे २०१० मध्ये प्रसिद्ध केले. आमच्या वर्गात विभक्तीचा तास लागला की मागच्या बाकावर डुलक्या लागतात. आणि तिकडे जुरा पर्वताच्या पायथ्याशी दोन विद्वान आमच्या सप्तमीशी झुंजत बसले होते!

परंतु या आनंदाला एक किनार आहे. तो संग्रह बातम्यांचा. आपल्या जुन्या मासिकांचे, कथांचे, वऱ्हाडी-कोकणी वळणाच्या लेखनाचे अजून असे कोणी निवडून ठेवले आहे काय? 'अवर्षण' आणि 'दुष्काळ' सख्खे, आणि 'पाण्यासाठी' नावाची कथा त्याच घरची, हे यंत्राला शिकवायचे तर कोणा मराठी माणसाने आधी ती कथा वाचून "ही लागू" असे नोंदवायला हवे. क्रॅनफिल्डचा सारा धडा मला तरी एवढाच दिसतो. यंत्र वेगाने शोधते खरे. पण काय सापडायला हवे होते, हे त्याला माणसानेच कधीतरी, एकेक कागद हातात घेऊन, सांगितलेले असते. ज्या भाषेची माणसे हे कंटाळवाणे काम करतात, त्या भाषेतले लेखन सापडते. बाकीचे असूनही नसल्यासारखे.

परत आल्यावर मी माझ्या चार विद्यार्थ्यांना घेऊन दर शनिवारी त्या निवृत्त ग्रंथपालांकडे जाऊ लागले आहे. ते सांगतात, मुले लिहून घेतात : कथा कोणती, कोणत्या अंकातली, कशाबद्दल, आणि कोणत्या प्रश्नाला उपयोगी. काकू मधूनमधून पोहे पाठवतात. गेल्या शनिवारपर्यंत ४१२ नोंदी झाल्या. क्लेव्हर्डनच्या अठरा हजारांपुढे ही संख्या काहीच नाही, हे मी जाणून आहे. पण त्यांत दुष्काळाच्या कथा आता चौतीस आहेत.